मानमोडी

आमची आजी सालं आकड्यांनी लक्षात ठेवायची नाही. कुणाचं वय काढायचं झालं की ती म्हणायची, "हा मानमोडीच्या आदल्या पावसातला" किंवा "ती मानमोडीनंतरची". मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले शिपाई तापाने आजारी पडले आणि सप्टेंबरात दुसरी, खरी मारक लाट आली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली निम्मी घरं मुंबईच्या पगारावर चालायची, त्यामुळे मुंबईला शिंक आली की इकडे ताप यायचा. आजीच्या माहेरची तीन माणसं एका आठवड्यात गेली, एवढंच ती सांगायची. पुढचं विचारलं तर उठून चुलीकडे जायची.

हाच शब्द आईच्या तोंडी मात्र कोंबड्यांसाठी यायचा. "वरच्या वाडीत मानमोडी आलीय, कोंबड्या सोडू नका." लहानपणी मला वाटायचं की आजीच्या माणसांना झाला तोच रोग आता कोंबड्यांना होतोय. दोन्ही एकच नव्हेत हे फार पुढे कळलं. कोंबड्यांना हे नाव मिळालं ते अगदी डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून. रोगातून वाचलेल्या कोंबडीची मान पिळवटून उलटी जाते. दाणा टिपायला गेली तर चोच भलतीकडेच पडते. ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वर्णन पुरे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी न पाहिलेलंच बरं.

पुस्तकात या रोगाचं नाव राणीखेत. शाळेत मुलं हसायची, राणीचं शेत आणि कोंबडीचा रोग यांचा काय संबंध म्हणून. संबंध असा की हा रोग जुना, पिढीजात नाही. निदान त्याची लेखी ओळख जुनी नाही. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल गावाजवळ, असा जगाच्या दोन टोकांना जवळजवळ एकाच वेळी नोंदला गेला. न्यूकॅसल हे बंदर, म्हणून पूर्वेकडून आलेल्या एखाद्या जहाजातून तो उतरला असावा असा तर्क तेव्हापासून केला जातो. डॉयल नावाच्या पशुवैद्याने तात्पुरतं म्हणून त्या गावाचं नाव दिलं. ते आजवर चालू आहे! पाठोपाठ आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरात राणीखेतला तसाच मरतुकीचा रोग दिसला आणि १९२८ च्या सुमारास आपल्या पुस्तकांत राणीखेत हे नाव शिरलं. दोन्ही एकच हे लवकरच सिद्ध झालं, पण नावं दोन राहिली. गावाच्या नावावरून रोगाला नाव देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. राणीखेतकरांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

राणीखेतच का, याला आणखी एक कारण मला दिसतं. जिथे बघणारी शहाणी माणसं असतात तिथे रोगाची नोंद होते. जनावरांच्या रोगांवर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यात सुरू झाली होती. धोक्याचे जंतू वस्तीपासून लांब असावेत म्हणून १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला, त्याच कुमाऊंच्या डोंगरात नेली. तिथे मुख्य काम चाले ते बुळकांडीवर, म्हणजे बैलांच्या रोगावर. ते साहजिकच होतं. बैल मेला की शेत पडीक, शेतसारा बुडाला. कोंबडी मेली तर सरकारचं काय बुडणार?

बुडायचं ते घरातल्या बाईचं. आमच्याकडे बाबा मुंबईला गिरणीत. मनीऑर्डर यायची ती आजोबांच्या नावावर, आणि तिचा हिशोब वाण्याच्या वहीत आधीच मांडलेला असायचा. आईच्या स्वतःच्या हातात पैसा पडायचा तो फक्त अंड्यांचा. आठ-दहा कोंबड्या, एक कोंबडा, मागीलदारी खुराडं. माझ्या वह्या, शाईची दौत, हायस्कुलात गेल्यावर फीचे पैसे यातलं बरंचसं त्या खुराड्यातून आलं. चौथी-पाचवीत असताना एका वैशाखात मानमोडी आली आणि पाच दिवसांत खुराडं रिकामं झालं. आधी कोंबड्या पंख पाडून गपचूप बसल्या, मग हिरवी हगवण, मग तोंड उघडून श्वास. आईने लसूण भरवली, हळदीचं पाणी पाजलं. शेजारच्या काकींनी राखणदाराला नारळ दिला. शेवटी एक मान पिळलेली तलंग तेवढी राहिली, तिला आई हाताने कणी भरवत असे. त्या वर्षी माझी वही जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून झाली. त्या पानांवरच्या रेघा एकमेकींना जुळत नसत.

पुढे वाचनात आलं आणि मन जरा कडू झालं. या रोगाची लस त्याआधीच तयार झाली होती! १९४० च्या दशकात त्याच मुक्तेश्वरला हॅडो आणि इदनानी या दोघांनी रोगाचा विषाणू अंड्यातल्या गर्भावर वाढवत वाढवत नरम केला आणि त्याची लस केली. 'आर टू बी' म्हणतात ती हीच, आजही वापरात आहे. म्हणजे आईच्या कोंबड्या मेल्या तेव्हा औषध जगात नव्हतं असं नाही, ते आमच्या वाडीत नव्हतं.

आणि याचं कारण नुसतं सरकारी आळस म्हणून सोडून देता येत नाही. लस कुपीत येते ती सुकवलेल्या पावडरीसारखी, एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांपुरती. ती थंडच ठेवावी लागते. पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून द्यायची. हजार कोंबड्यांच्या पोल्ट्रीला हे सोयीचं. दहा कोंबड्यांच्या बाईने नव्वद मात्रा ओतून द्यायच्या का? १९७० नंतर महाराष्ट्रात पोल्ट्रीचा धंदा केवढा वाढला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. लसीही वाढल्या, पण त्या त्या धंद्याच्या मापाने. मागीलदारच्या कोंबडीचं माप कुणी घेतलं नाही.

गंमत (गंमत म्हणायची का?) अशी की कोंबडीने मात्र माणसाला भरपूर दिलंय. अंडी सोडून द्या. १८७९ साली पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत पडून राहिलेले जंतू टोचले तर कोंबड्या मेल्या नाहीत, उलट पुढे ताज्या जंतूंनाही पुरून उरल्या. जंतू प्रयोगशाळेत नरम करून लस करायची युक्ती तिथून निघाली. (सुट्टीचे फायदे मी पालकसभेत याच गोष्टीवरून सांगत असे.) दुसरी गोष्ट तर आम्हा भातखाऊ कोकण्यांच्या जवळची. जावातच, १८९० च्या आसपास, आइकमन नावाच्या डच डॉक्टरच्या कोंबड्या पायांनी लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा सडीचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि कोंबड्या वाचल्या. बेरीबेरीचं कोडं आणि पुढे बी-वन जीवनसत्त्व सापडलं ते या धाग्यावरून. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नाव काही कुठे वाचलं नाही.

आमच्या कोंबड्या कधी तशा लुळ्या पडल्या नाहीत, कारण त्यांच्या वाट्याला भाताचा कोंडाच यायचा. आईला जीवनसत्त्वं ठाऊक नव्हती, पण कोंबडीच्या खोडी आणि दुखणी यांत तिचा हात फार क्वचित चुके. कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खायला लागली की आई तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या भाजून, कुटून कोंड्यात मिसळायची. कवच मऊ झालं की अंडं फुटतं, फुटलं की चव लागते, चव लागली की सवय लागते. मुळात चुना कमी पडतो. पावसात कोंबड्यांना उवा-पिसवा होतात, कारण त्यांना लोळायला कोरडी माती नसते आणि आपल्याकडे चार महिने कोरडं म्हणून काही नसतंच. आई पडवीत फुटक्या टोपलीत चुलीची राख ठेवायची. कोंबड्या रांग लावून आंघोळ केल्यासारख्या त्यात लोळायच्या.

खुडूक कोंबडीचं मात्र घरोघरी वेगळं शास्त्र. कुणी पाण्यात बुचकळायचे, कुणी नाकातून पीस ओवायचे. पीस ओवणं हा निव्वळ क्रूरपणा, माझं स्पष्ट मत आहे. आई तिला चार दिवस गवत न घालता उघड्या जाळीदार डालग्याखाली वाऱ्यावर ठेवायची, दाणापाणी रोजचं. पोटाखाली ऊब राहिली नाही की बसायची ओढ उतरते, कारण ती ओढ शरीरातल्या एका द्रावाची असते आणि तो उबेवर पोसतो. अर्थात पिल्लं हवी असतील तर हीच खुडूक कोंबडी लाखमोलाची. विलायती लेगहॉर्न अंडी देते, बसत मात्र नाही. माणसाने निवडून निवडून तिची ती ओढच काढून टाकली आहे.

टोचाटोचीचंही तसंच. नवी कोंबडी आणली की जुन्या तिला टोचून रक्तबंबाळ करतात. कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलं. लहानपणापासून ते कोंबड्यांच्या वह्या ठेवत. (स्टाफरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.) आई नवीला आधी आठवडाभर डालग्याखाली, सगळ्यांना दिसेल अशी पण हाती लागणार नाही अशी ठेवायची आणि मग रात्री अंधारात खुराड्यात सोडायची. त्या आठवड्याचा दुसरा फायदा तिला माहीत होता की नाही कोण जाणे. बाजारातून आलेली कोंबडी मानमोडी घेऊन आली असेल तर ती बहुधा याच दिवसांत दिसते. आठवड्याऐवजी दोन-तीन आठवडे, आणि शक्यतो इतरांपासून लांब ठेवली तर आणखी चांगलं.

मानमोडी या नावाने २००६ साली आणखी एक घोटाळा झाला. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या तेव्हा पोल्ट्रीवाले म्हणत होते की ही राणीखेतच आहे. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला, बर्ड फ्लू. भारतातला पहिला. दोन्ही रोग डोळ्यांनी पाहून वेगळे ओळखता येत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या टापूतल्या घरगुती कोंबड्याही मारल्या गेल्या, कारण विषाणू पोल्ट्री आणि परसू असा भेद करत नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो आपल्या दापोलीत मेलेल्या पक्ष्यांत सापडला. जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळच्या चिरनेरला, म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या त्या गावात, घरगुती कोंबड्यांतच निघाला. आजीची मानमोडीही इन्फ्लुएंझाच होती, आणि त्या १९१८ च्या विषाणूचं मूळ पक्ष्यांतल्या विषाणूंकडे जातं असं आता शास्त्रज्ञ मानतात. लहानपणी मी दोन रोगांची गल्लत करत होते ती अगदीच वेडेपणाची नव्हती म्हणायची!

म्हणून आता दोन-चार कोंबड्या एकदम मेल्या तर त्या घाईने कापून वाटू नयेत, बाजारात विकू नयेत, व्हाळात टाकू नयेत. आपल्याकडे पूर्वी नेमकं हेच व्हायचं आणि रोग वाडीवाडीने पुढे जायचा. जनावरांच्या दवाखान्यात कळवावं, उघड्या हातांनी शिवू नये आणि सांगतील तसं खोल पुरावं.

लसीच्या मापाचं कोडं ऑस्ट्रेलियातल्या स्प्रॅडब्रो नावाच्या शास्त्रज्ञांनी मनावर घेतलं. १९८० च्या दशकात त्यांनी आणि मलेशियातल्या सहकाऱ्यांनी उष्णतेत टिकणाऱ्या विषाणूची लस करून ती दाण्याला चोळून खेड्यातल्या कोंबड्यांना देऊन पाहिली. पुढे त्याच वाटेची डोळ्यात थेंब टाकायची लस मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत बायकांच्या हाती पोचली.

आमच्या वाडीत सध्या चालतं ते असं. अकरा घरं, सव्वाशेच्या आसपास कोंबड्या. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या, सकाळी खुराडी उघडायची नाहीत. लस बर्फाच्या थर्मासातून येते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा डोळ्यात थेंब आणि दोन महिन्यांच्या आतबाहेर आर टू बीची सुई. फक्त धडधाकट कोंबडीला, आजारी असेल तिला नाही. वरच्या घरापासून सुरुवात करायची की खालच्या, यावर दर खेपेला वाद होतो, कारण शेवटच्या घरी पोचेपर्यंत दोन तास संपत आलेले असतात. गेल्या वेळी वरून सुरुवात झाली होती. या वेळी खालून.