उद्याचा सातबारा

अमेरिकेत आज काळ्या लोकांची फुकट वाचनमंडळं चालतात. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक आणायचं, गोल करून बसायचं, वाचायचं, भांडायचं. वाचतात काय? काळ्या लेखकांच्या विज्ञानकथा, अद्भुतकथा. आपल्यातला कुणी म्हणेल, भाकरीची मारामार नि तुम्हाला उडत्या तबकड्या सुचतात! मी म्हणतो, आधी या बैठकीचा इतिहास बघा.

१७४० साली साऊथ कॅरोलिनात कायदा झाला. गुलामाला लिहायला शिकवलं तर शंभर पौंड दंड. मनू काही एकाच देशात जन्मत नाही. पण १८३१ साली फिलाडेल्फियात स्वतंत्र काळ्या बायांनी आपलं साहित्यमंडळ काढलं. लिखाण निनावी पेटीत टाकायचं, मग सगळ्यांदेखत वाचून त्याची चिरफाड करायची. १८३३ साली तिथल्याच काळ्यांनी स्वतःची लायब्ररी उभारली. अक्षर बंद होतं, ते त्यांनी मिळून उघडलं.

वाचता वाचता ते उद्याचंही लिहू लागले. डू बॉइसची 'द कॉमेट' ही कथा १९२० ची. धूमकेतूच्या वायूनं न्यूयॉर्क मरतं. बँकेच्या तळघरात उतरवलेला काळा निरोप्या वाचतो, एक श्रीमंत गोरी बाई वाचते. घटकाभर रंग उरत नाही. मग तिची माणसं येतात नि रंग परत येतो. जग बुडालं तरी जात बुडत नाही! याच डू बॉइसला १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहून काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.

ऑक्टेव्हिया बटलर १९४७ ची. आई गोऱ्यांकडे घरकाम करायची, मागच्या दारानं जायची. त्यांनी टाकलेली पुस्तकं पोरीसाठी घरी आणायची. पुढं कॉलेजात एक काळा तरुण जुन्या पिढीवर घसरला. यांच्या लाचारीनंच आपण मागं राहिलो, असं त्याचं म्हणणं. बटलरला ते सलत राहिलं. त्यातून १९७९ साली 'किंड्रेड' आली. १९७६ सालची काळी बाई अचानक मेरीलँडच्या गुलामीत खेचली जाते. तिथं नुसतं जिवंत राहणं काय असतं, ते तिला अंगावर वळ उठल्यावर कळतं.

आपणही आजीला विचारतोच ना, तुम्ही गप का बसलात? हा सवाल एकट्यानं वाचून सुटत नाही. त्याला दहा माणसं लागतात, म्हातारीही लागते. आणि बैठक फुकटच हवी. पुस्तकाला पैसे पडले की जिच्याशी बोलायचं तीच दाराबाहेर राहते.

आपल्याला गावाबाहेर ठेवलं, इतिहासाबाहेर ठेवलं. उद्याच्या गोष्टीतही आपण नसलो, तर उद्याचा सातबाराही त्यांच्याच नावावर चढेल. तेव्हा विहारात, समाजमंदिरात, जिथं बल्ब पेटतो तिथं बसा. एक पुस्तक पुरे. एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी अडवावं.