हाक ‘सरकार’, सही मात्र आप्पांची

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बचत गटांच्या बैठकांना मी जाते. हप्ते, वसुली, पापडांची ऑर्डर असं सगळं बोलून झालं की विषय हळूच घरावर येतो. गेल्या पावसाळ्यात रोह्याकडच्या एका गटातल्या आजी म्हणाल्या, “घर मुलाच्या नावावर करून टाकतेय. दिवसही ठरला.” मी विचारलं, “मग तुम्ही कुठं राहणार?” आजी हसल्या. “म्हणजे काय, तिथंच!” ते कागदावर लिहिलंय का, म्हटल्यावर मात्र गप्प झाल्या. त्या रात्री मला ‘नटसम्राट’ आठवलं.

ही गोष्ट तशी जुनी आहे. शेक्सपिअरनं १६०६च्या सुमारास ‘किंग लिअर’ लिहिलं. म्हातारा राजा जिवंतपणीच राज्य मुलींना वाटून टाकतो आणि उघड्यावर येतो. त्या नाटकात राणी मात्र रंगमंचावर येतच नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये राजाच्या जागी निवृत्त नट आला, गणपतराव बेलवलकर, आणि त्याच्या शेजारी बायको उभी राहिली, कावेरी. १९७० साली हे नाटक रंगभूमीवर आलं. डॉ. श्रीराम लागू आप्पा झाले, शांता जोग कावेरी. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पुढं त्यावर सिनेमे निघाले. त्यातले दोन मी पाहिले. पहिला आपला मराठी, महेश मांजरेकरांचा, १ जानेवारी २०१६ला आलेला. त्यात आप्पा झालेत नाना पाटेकर, आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडचे. दुसरा तेलुगू, ‘रंगमार्तंड’, कृष्णा वंशी यांचा, २०२३चा. त्यात नायक प्रकाश राज. गंमत म्हणजे दोन्ही दिग्दर्शकांनी नायकाच्या बायकोचं काम आपापल्या पत्नीला दिलं. मराठीत मेधा मांजरेकर, तेलुगूत रम्या कृष्णन.

दोन्ही सिनेमांत नायकाला एक जुना नट-मित्र आहे. मराठीत तो विक्रम गोखल्यांनी केला. तेलुगूत ते काम ब्रह्मानंदम यांच्याकडे गेलं. आयुष्यभर लोकांना हसवलेला हा नट इथं रडवून जातो. मला वाटतं, दोन पुरुष नट आपलं दुःख एकमेकांना सांगू लागले की सिनेमाला बळ येतं, पण बायको थोडी मागं सरकते.

मराठी सिनेमा नानांच्या आवाजावर उभा आहे. मेधाताईंची कावेरी त्या आवाजाला सांभाळते, आवरते. रम्या कृष्णन म्हणजे ‘बाहुबली’तली गरजणारी शिवगामी. इथं मात्र ती फार बोलतच नाही, सगळं डोळ्यांनी सांगते. मला तीच जास्त लागली, कारण अशी गप्प बाई मी दर बैठकीत कोपऱ्यात बसलेली पाहते.

आप्पा कावेरीला ‘सरकार’ म्हणतात. किती गोड हाक! पण वाटणी ठरवली आप्पांनीच. सरकारचं मत कुणी मोजलं नाही. आणि घर सुटल्यावर आधी गेली तीच. आपण थिएटरात आप्पांसाठी रडतो आणि घरी येऊन दोष सुनेला किंवा लेकीला देतो. चूक त्याआधीच, वाटणीच्या दिवशी झालेली असते.

आप्पांच्या काळी नव्हता, पण आज कायदा आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात कलम २३ आहे. साठी उलटलेल्या माणसानं ‘माझा सांभाळ करायचा’ या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढं सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. आणि आधी घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेही बघा.

त्या आजींनी दिवस पुढं ढकलला. मुलगा आधी रुसला, मग म्हणाला, “लिही ना आई, मी कुठं नाही म्हणतोय?” अट लिहिली म्हणून माया आटली नाही.

मैत्रिणींनो, सिनेमा जरूर बघा. मात्र या वेळी आप्पांकडे नको, कावेरीकडे बघा.