रेघांतला रुपया

१७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, मे महिन्यात वसईही पडली, आणि मराठ्यांच्या निशाणामागोमाग मोडी दफ्तर व मराठी कारकुनांची हिशेब मांडण्याची रीत उत्तर कोकणच्या या किनाऱ्यावर स्थिरावली. पुढे १८१८ नंतर अंमल इंग्रजांचा झाला, आगगाडी आली, पालघर आणि बोईसर ही स्थानके झाली. परंतु जमाबंदीच्या कागदांत, सावकाराच्या खतावणीत आणि बंदरावरच्या व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत जी रेघांची भाषा रुजली होती, ती १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होईपर्यंत अढळ राहिली.

ही भाषा जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, चिंचणीच्या एखाद्या दुकानदाराने भाताच्या विक्रीपोटी ३७॥।= अशी रक्कम जमेस धरली आहे. अंक संपले तेथे रुपये संपले. पुढच्या तीन उभ्या रेघा म्हणजे पाऊण रुपया, अर्थात बारा आणे. त्यांच्या पुढच्या दोन आडव्या रेघा म्हणजे दोन आणे. आणि एकूण रक्कम सदतीस रुपये चौदा आणे. उभी रेघ पावलीची, आडवी आण्याची, आणि दोन्ही तीनच्या पुढे कधी जात नाहीत, कारण चौथी आडवी रेघ होताच तिची एक उभी होते आणि चौथी उभी होताच रुपया पुरा भरतो. सहा आकृतींत रुपयाचे पंधराही अंश बसविणारी ही योजना मला दशांशचिन्हापेक्षा कमी बुद्धिमान वाटत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे शाळेत मुखोद्गत करून घेतले जात, ते याच रेघा डोळ्यांपुढे ठेवून.

या योजनेचा खरा कस लागे तो जमिनीच्या वाटणीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे एका रुपयात एकशे ब्याण्णव पै. आणि या संख्येला तिनाने निःशेष भाग जातो, जो शंभराला जात नाही. पुरे शेत एक रुपया धरून तिघा भावांत वडिलोपार्जित जमीन वाटली तर प्रत्येकाचा हिस्सा पाच आणे चार पै, सहा जणांत वाटली तर दोन आणे आठ पै, आणि एक पैही कोणाची शिल्लक राहत नाही. दशमानात तोच तिसरा हिस्सा लिहू गेले तर तेहतिसांची रांग कोठे थांबवावी हा प्रश्न उरतो. जुन्या खात्यांतील हिश्शाला आजही आणेवारी म्हणतात, हे उगीच नव्हे.

आता हे कागद संगणकावर चढू लागले आहेत, आणि येथेच माझी चिंता आहे. बंगालीतही रुपया सोळा अंशांतच मोडला जाई, आणि तेथील एक, दोन, तीन, चार अंशांची, सोळांत एक उणे असल्याची, तसेच सोळा या छेदाची चिन्हे युनिकोड या संगणकीय लिपिचिन्हांच्या प्रमाणकाच्या आरंभीच्या आवृत्त्यांतच दाखल झाली. आपल्या रेघांना मात्र २००९ पर्यंत वाट पाहावी लागली. अंशुमान पांडे या अभ्यासकाच्या प्रस्तावावरून त्या वर्षी युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत पाव, निम्मा, पाऊण, एक आणा, दोन आणे आणि तीन आणे ही सहा चिन्हे, आणि त्यांसोबत रुपयाची खूण धरून आणखी चार, अशी दहा चिन्हे उत्तर भारतीय संख्याचिन्हे म्हणून स्वतंत्रपणे नोंदली गेली. मोडी लिपीला स्वतःची जागा मिळाली ती त्यानंतर, २०१४ साली, म्हणजे पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी.

तरीही व्यवहारात टंकलेखक पावलीच्या जागी श्लोकाचा दंड टाकतो, आणि मीही वरच्या उदाहरणात तोच टाकला आहे, कारण सर्वच फॉन्टांत ती चिन्हे नाहीत. छापखान्यात ते चालून गेले. 'किंमत १॥ रुपया' असे पुस्तकाच्या पाठीवर वाचताना कोणाची फसगत होत नसे, कारण वाचणारा माणूस होता. यंत्राला मात्र दंड हे केवळ विरामचिन्ह आहे, त्याला कसलेही मोल नाही, ३७॥।= मध्ये त्याला सदतीस दिसतात, मग दोन विरामचिन्हे दिसतात आणि शेवटी एक बरोबरचे चिन्ह. चौदा आणे तेरजेतून नाहीसे होतात. युनिकोडने नोंदलेल्या पावलीला मात्र एक चतुर्थांश हे मूल्य जोडलेले आहे, आणि आण्याला एक सोळांश.

पालघर, तारापूर, डहाणूकडच्या ज्या घरांत जुन्या वह्या आहेत, ज्या हौशी अभ्यासकांनी मोडी शिकून त्या उतरवून घेण्याचे काम अंगावर घेतले आहे, त्यांना माझी विनंती एवढीच आहे, की रक्कम उतरविताना दंडावर भागवू नका. योग्य चिन्ह घाला, आणि ते साधत नसेल तर शेजारी अक्षरी रुपये, आणे, पै लिहून ठेवा.