मोबाईल चोरीला गेला तर पहिल्या तासात काय करायचं? आणि आयएमईआयवरून फोन सापडतो तरी कसा?

लोकलची गर्दी, एसटी स्टँड, आठवडी बाजार किंवा गणपतीची मिरवणूक. अशा ठिकाणी खिशातून मोबाईल गेला की बहुतेक जण आधी एकच गोष्ट करतात. शेजारच्याचा फोन घेऊन आपल्याच नंबरवर रिंग देत बसतात. दोन-तीनदा रिंग वाजते आणि मग फोन बंद लागतो. त्यानंतर प्रश्न सुरू होतो, 'लोकेशन कसं काढायचं?'

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला प्रश्न नाही. फोन पंधरा-वीस हजारांचा असतो. त्याच फोनमध्ये बँकेचं ॲप, यूपीआय, ईमेल, व्हॉट्सॲप आणि गॅलरीत आधार कार्डाचा फोटो असतो. फोन परत मिळेल की नाही, हे तुमच्या हातात नसतं. खात्यातले पैसे आणि तुमची ओळख वाचवणं मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतं. त्यासाठी कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी फोन लॉक, मग सिम, मग बँक, मग पोलीस आणि शेवटी आयएमईआय ब्लॉक.

सिमच्या आधी फोन लॉक का करायचा?

अनेक जण घाईघाईत सगळ्यात आधी सिम बंद करतात. पण सिम बंद झालं की फोनचं इंटरनेटही जातं. मग दुरून पाठवलेली 'लॉक हो' ही सूचना फोनपर्यंत पोहोचत नाही आणि लोकेशनही दिसत नाही. म्हणून जवळ दुसरा फोन असेल तर पहिली पाच मिनिटं लॉकसाठी द्या.

अँड्रॉइड फोन असेल तर गुगलचं 'फाइंड हब' उघडा. याचं जुनं नाव 'फाइंड माय डिव्हाइस', ते मे २०२५ मध्ये बदललं. मित्राच्या फोनवर हे ॲप असेल तर पाहुणा म्हणून तुमच्या जीमेलने लॉगिन करता येतं. तिथे फोनचं शेवटचं लोकेशन दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि फोन लॉक करा. पासवर्ड आठवत नसेल तर गुगलचं 'रिमोट लॉक' कामी येतं. त्याच्या पानावर फक्त मोबाईल नंबर टाकून स्क्रीन लॉक करता येते. मात्र ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये आधीच सुरू केलेली असावी लागते.

आयफोन असेल तर कोणत्याही ब्राउझरमधून आयक्लाउडचं 'फाइंड माय' उघडा आणि फोन 'लॉस्ट' म्हणून नोंदवा. इथे ओटीपीसारखा व्हेरिफिकेशन कोड लागत नाही, ॲपल खात्याचा पासवर्ड पुरतो.

यातलं काहीच पाच-दहा मिनिटांत जमलं नाही तर थांबू नका, सरळ सिम बंद करा. फोन उघडा असताना, म्हणजे बोलता बोलता हिसकावला गेला असेल, तर एक-एक मिनिट मोलाचं असतं.

सिम बंद करणं इतकं गरजेचं का?

तुमच्या बहुतेक खात्यांची किल्ली ओटीपी आहे आणि तो सिमवर येतो. फोन लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकू शकतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातात.

म्हणून सिम कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन करून सिम बंद करायला सांगा. त्याच कंपनीचं सिम असलेल्या दुसऱ्या फोनवरून १९८ हा क्रमांक लागतो. मग ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं सिम घ्या.

इथे एक अडचण अनेकांना माहीत नसते. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस सुरू होत नाहीत. सुरक्षेसाठीच हा नियम आहे, कारण चोरही बनावट सिम काढू शकतो. त्यामुळे त्या दिवशी ओटीपी आला नाही तर गोंधळून जाऊ नका. व्हॉट्सॲपची पडताळणी फोन कॉलवरूनही होते. नव्या सिमवर व्हॉट्सॲप सुरू केलं की चोराच्या हातातल्या फोनवरचं आपोआप बंद होतं.

बँक आणि यूपीआय

सिम बंद झालं म्हणजे यूपीआय बंद झालं, असं गृहीत धरू नका. बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून मोबाईल बँकिंग आणि यूपीआय थांबवायला सांगा. यूपीआय पिन चोराला माहीत नसतो हे खरं, पण दोन वाटा उघड्या राहतात.

पहिली यूपीआय लाइट. यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि वॉलेटमध्ये ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. दुसरी वाट तुमची गॅलरी. तिथे डेबिट कार्डाचा फोटो असेल आणि सिमही चोराकडे असेल, तर त्याला पिन नव्याने सेट करता येऊ शकतो.

पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता असते. बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेने सोसायचं असतं. तुमचा फोन बँकेत किती वाजता गेला, हे इथे फार महत्त्वाचं ठरतं.

तक्रार देताना 'हरवला' की 'चोरीला गेला'?

पोलिसांच्या वेबसाइटवर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते. ती सोपी आहे, पण ती एफआयआर नव्हे. फोन खरोखर चोरीला गेला असेल तर तक्रारीत 'हरवला' असं लिहू नका. 'गहाळ' अशी नोंद झाली की गुन्हा दाखल होत नाही आणि विम्याचा दावाही अडकू शकतो.

भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आणि हिसकावून नेण्यासाठी वेगळं कलम ३०४ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

लोकलमध्ये किंवा रेल्वे स्टेशनवर फोन गेला असेल तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे असतो. रेल्वेची हेल्पलाइन १३९ आहे. फोन हिसकावताना मारहाण झाली असेल तर आधी ११२ लावा.

आयएमईआयवरून फोन सापडतो कसा?

प्रत्येक मोबाईलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. सिम बदललं तरी हा क्रमांक बदलत नाही. फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा मोबाईल कंपनीला सिमसोबत हा क्रमांकही कळतो. सगळी यंत्रणा याच गोष्टीवर उभी आहे.

दूरसंचार विभागाची 'सीईआयआर' ही देशभरातल्या आयएमईआय क्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही आहे. तिची प्रायोगिक सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून झाली. मे २०२३ मध्ये 'संचार साथी' पोर्टलसोबत ती देशभर उपलब्ध झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचं मोबाईल ॲपही आलं.

संचार साथीवर चोरीला गेलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक, पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि शक्यतो खरेदीचं बिल लागतं. ओटीपी तुमच्या नंबरच्या नव्या सिमवर येतो, म्हणून हे काम साधारण दुसऱ्या दिवशी होतं. अर्ज भरल्यावर मिळणारा रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा.

अर्जानंतर २४ तासांत तो फोन देशातल्या सगळ्या मोबाईल नेटवर्कवर बंद होतो. पुढे कुणी त्यात सिम टाकलं की कंपनीच्या यंत्रणेत त्याची नोंद होते आणि माहिती पोलिसांकडे जाते. कोणत्या नंबरचं सिम टाकलं हे कळलं की त्या माणसापर्यंत पोहोचता येतं. तो अनेकदा चोर नसतोच. त्याने फोन स्वस्तात, बिलाशिवाय विकत घेतलेला असतो. ब्लॉक केल्यामुळे पोलिसांचा तपास थांबत नाही, हेही लक्षात ठेवा.

या यंत्रणेला मर्यादाही आहेत. फोन सुटा करून पार्ट म्हणून विकला, परदेशात गेला किंवा नुसत्या वायफायवर वापरला, तर त्याचा माग लागत नाही. काही टोळ्या आयएमईआय बदलतात. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ नुसार त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

'आयएमईआय टाका आणि लोकेशन पाहा' असं सांगणाऱ्या वेबसाइटवर विश्वास ठेवू नका. आयएमईआय कोणत्या सिमसोबत वापरला जातोय ही माहिती मोबाईल कंपन्यांकडे असते आणि ती तपासासाठी पोलिसांना मिळते. खासगी वेबसाइटला ती मिळत नाही.

लोकेशन दिसतंय, मग जावं का?

एकट्याने जाऊ नका. नकाशावरचा ठिपका एखाद्या चाळीवर किंवा इमारतीवर दिसतो, पण घर कोणतं हे सांगत नाही. निष्पाप माणसावर आळ येऊ शकतो आणि खरा चोर समोर आला तर जिवाला धोका असतो. स्क्रीनशॉट वेळेसह पोलिसांना द्या.

फोन दुरून पुसून टाकणं, म्हणजे 'इरेज', हा शेवटचा उपाय. अँड्रॉइडवर एकदा इरेज झालं की फाइंड हबमध्ये लोकेशन दिसणं बंद होतं. आयफोन इरेज केला तरी तो तुमच्या ॲपल खात्यातून काढून टाकू नका. तो खात्याला जोडलेला आहे तोवर तुमच्या पासवर्डशिवाय नव्याने सुरू करता येत नाही.

नेमकं याचसाठी काही दिवसांनी एक मेसेज येऊ शकतो: 'तुमचा फोन सापडला आहे, लोकेशनसाठी लिंक उघडा.' ती लिंक पासवर्ड किंवा पासकोड काढून घेण्यासाठी असते. ती उघडू नका. 'मी पोलीस बोलतोय, ओटीपी सांगा' असा फोन आला तरी काही सांगू नका, थेट पोलीस ठाण्यात जाऊन चौकशी करा.

फोन हातात असताना आजच करायच्या पाच गोष्टी

१. *#०६# डायल करा. दिसणारे आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवा. ते फोनच्या खोक्यावर आणि बिलावरही असतात.

२. सिमला पिन लावा. मग सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी पिनशिवाय चालत नाही. सध्याचा पिन माहीत नसेल तर अंदाज लावू नका, कंपनीला विचारा. तीनदा चुकला की पीयूके कोड लागतो.

३. अँड्रॉइडवर 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आणि 'रिमोट लॉक' सुरू करा. पहिल्या सोयीत फोन हिसकावल्यासारखी हालचाल जाणवली की स्क्रीन आपोआप लॉक होते. आयफोनवर आयओएस १७.३ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे. ते सुरू असेल तर अनोळखी ठिकाणी ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला एक तास थांबावं लागतं.

४. जीमेलचे बॅकअप कोड कागदावर घ्या. नाहीतर दुसऱ्या फोनवरून लॉगिन करताना पडताळणी मागितली जाते आणि ती चोरीला गेलेल्या फोनवरच जाते.

५. डेबिट कार्ड आणि आधारचे फोटो, तसंच नोट्समध्ये लिहिलेले पिन काढून टाका.

फोन परत मिळाला तर रिक्वेस्ट आयडी वापरून संचार साथीवर तो अनब्लॉक करा, नाहीतर त्यात सिम चालणार नाही. जुना फोन विकत घेताना केवायएम लिहून, एक जागा सोडून, आयएमईआय क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. तो क्रमांक ब्लॉक झालेला असेल तर उत्तरात कळतं. चोरीचा आहे हे माहीत असून फोन घेणं कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. बिल मागा. बिल नसलेला स्वस्त फोन कुणीच घेतला नाही, तर चोरलेला फोन विकायचा कुठे हा प्रश्न चोरालाही पडेल.