त्रुटिसंदेशाची वेगळी वाट

वाराणसीचा मुन्शी घाट नागपूरचे श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावाने ओळखला जातो. संशोधनाच्या काळात काही महिने मी त्या घाटामागच्या गल्लीत राहत होते. एका रात्री संगणकावर लांबलचक गणन लावून झोपले. सकाळी खिडकीत आलेख सुबक उमटला होता. प्रत्यक्षात गणन मध्येच कोलमडले होते. तसे सांगणारा संदेश खिडकीत येण्याची सोयच मी केली नव्हती. त्या आलेखावर दोन दिवस विचार केला, हे सांगायला आजही संकोच वाटतो.

तो संदेश गेला कुठे, हे समजण्यासाठी बेल लॅब्जपर्यंत मागे जावे लागते. १९७३ मध्ये युनिक्समध्ये 'पाइप' आला आणि एका प्रोग्रामचे फलित थेट दुसऱ्याला देता येऊ लागले. पण तेव्हा उत्तर आणि तक्रार एकाच प्रवाहातून वाहत. पुढचा प्रोग्राम तक्रारीलाच विदा समजून बसे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत लोकांनी हे सोसले. स्टीव्ह जॉन्सन यांची आठवण अधिक बोलकी आहे. फोटोटाइपसेटरचा लांब कागद दुर्गंधीयुक्त यंत्रातून काढावा लागे. एका दुपारी अनेकांच्या कागदावर, सुंदर टंकात, एकच ओळ उमटली: अमुक फाइल उघडता येत नाही! कुरकुर योग्य कानांवर गेली आणि काही दिवसांतच स्वतंत्र त्रुटिप्रवाह जन्माला आला. डेनिस रिची यांनी तो आणला. प्रवाह ० आत येणाऱ्या मजकुराचा, १ उत्तराचा, २ तक्रारीचा.

ही व्यवस्था टर्मिनल गृहीत धरून होती. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो प्रणाली आली. पुढे चित्रखूण दाबून प्रोग्राम सुरू होऊ लागले आणि त्यांच्या मागे टर्मिनल उरले नाही. कित्येक लिनक्स संगणकांवर असे संदेश '.एक्ससेशन-एरर्स' नावाच्या लपलेल्या फाइलीत साचत. माझाही तिथेच सापडला.

मग प्रवाह २ खिडकीत दाखवावा, इतकेच ना? येथे एक खाच आहे. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. खिडकीने फक्त प्रवाह १ वाचला आणि २ भरत गेला, तर लिहिणारा प्रोग्राम थबकतो. त्याच्या उत्तराची वाट पाहणारी खिडकीही गोठते. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले! म्हणून दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाचावे लागतात, आणि तेही खिडकीच्या स्वतःच्या घटनाचक्राला न अडवता. पायथनच्या 'आयडल'मध्ये त्रुटी लाल अक्षरांत दिसतात. डब्ल्यूएक्सपायथनमध्ये तशी सूचना दिली, तर संदेश येताच वेगळी खिडकी उघडते.

मी माझ्या प्रोग्रामला आलेखाखालीच चार ओळींची एक पट्टी जोडली. पुढच्याच रात्री तिच्यात पहिली तक्रार आली: डिस्क भरली होती.