अफवेतले नेहरू आणि आपण

पंडित जवाहरलाल नेहरूंचे आजोबा मुसलमान होते, त्यांचे खरे नाव गयासुद्दीन गाझी, आणि १८५७ नंतर इंग्रजांच्या भीतीने त्यांनी गंगाधर हे नाव धारण केले, असा मजकूर गेली अनेक वर्षे मोबाइलवरून फिरतो आहे. आपल्यापैकीही कोणी तो कौतुकाने पुढे पाठवतात. म्हणून त्याची शहानिशा करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्यात घराण्याची हकीकत स्पष्ट आहे. बादशहा फर्रुखसियरच्या काळात, १७१६ च्या सुमारास, पंडित राज कौल काश्मीरहून दिल्लीला आले. त्यांचे घर नहरीच्या काठी होते, म्हणून कौल घराण्याला नेहरू हे नाव चिकटले. आजोबा गंगाधर १८५७ च्या उठावापूर्वी काही काळ दिल्लीचे कोतवाल होते. उठावाच्या धामधुमीत कुटुंब आग्र्याला गेले. १८६१ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, गंगाधर वारले आणि त्याच वर्षी मोतीलालांचा जन्म झाला. यात गयासुद्दीन कोठेच नाही.

मग अफवेला आधार कशाचा? घरातल्या एका चित्रात गंगाधर मोगल दरबारी पोशाखात, हाती वक्र तलवार घेऊन उभे आहेत, असे नेहरूंनीच लिहिले आहे. मोतीलालांचे सुरुवातीचे शिक्षणही फारसी-अरबीत झाले. पण त्या काळच्या दिल्लीत सरकारदरबारी वावरणाऱ्या काश्मिरी पंडितांची ही रीतच होती. पोशाख आणि भाषा सामायिक होत्या, धर्म आपापला होता. ही साधी गोष्ट ज्यांना उमगत नाही, त्यांना शेरवानीत फक्त मुसलमान दिसतो.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्राच्या जवळचा आहे. आपण शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि हिंदू केवळ जन्माच्या अपघाताने, असे नेहरू म्हणाल्याचे सांगतात. आत्मचरित्रात असे वाक्य नाही. ते आहे डॉ. ना. भा. खरे यांच्या लेखात. खरे १९३७-३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री होते. काँग्रेसशी बिनसल्यावर पुढे हिंदू महासभेचे नेते झाले. त्यांचा हा लेख १९५९ सालच्या नेहरूंवरील ग्रंथात आला, आणि त्या ग्रंथाचे संपादक होते आपले डॉ. रफीक झकेरिया! नेहरूंचे चाहते असूनही त्यांनी विरोधकाला मोकळेपणी जागा दिली. खरे यांनी आपल्या नावानिशी टीका केली. आजचे लोक मात्र तीच टीका नेहरूंच्या तोंडी घालतात.

येथपर्यंत पुराव्याचे झाले. खरा सल वेगळाच आहे. या अफवेत ‘मुसलमान’ हा शब्द शिवी म्हणून वापरला आहे. नेहरूंची बदनामी करायची तर त्यांना मुसलमान ठरवले की पुरे, असा तिचा हिशेब आहे. ती खोडून काढताना पुष्कळ भली माणसेही, जणू मोठ्या आरोपातून सुटका झाल्यासारखी, ‘छे, ते मुसलमान नव्हतेच’ असे म्हणून थांबतात. आणि आपल्यातला कोणी ती खुशीने पुढे पाठवतो तेव्हा नकळत त्याच शिवीवर शिक्का मारतो.

तेव्हा असा मजकूर आला तर आपले उत्तर दोन वाक्यांचे असावे. ही गोष्ट खोटी आहे. आणि खरी असती, तरी तिच्यात लाज वाटण्यासारखे काहीच नव्हते.