कॅलिफोर्नियातील दुसऱ्या प्रवेशाचा इतिहास

शालेय शिक्षणात बेताचेच गुण मिळालेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षे गावातल्या महाविद्यालयात शिकावे आणि मग नामांकित विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मागावा, ही वाट कॅलिफोर्नियात आज चांगलीच रुळलेली आहे. मात्र ती आखणाऱ्यांच्या मनात अशा विद्यार्थ्याविषयीचा कळवळा जितका होता, त्याहून अधिक त्याला विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांपासून दूर ठेवण्याचा हेतू होता.

शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग कल्पिले होते आणि पहिला भाग विद्यापीठाबाहेरही शिकवता येईल, असे त्यांचे मत होते. त्यांच्याच प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे दोन वर्षांचे ‘ज्युनिअर कॉलेज’ उभे राहिले. कॅलिफोर्नियाने १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना असे वर्ग चालवण्याची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे पहिले वर्ग भरले. या चळवळीचे पुरस्कर्ते अलेक्सिस लँग हे खुद्द कॅलिफोर्निया विद्यापीठातच शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते, ही बाब बोलकी आहे.

या व्यवस्थेला पक्के रूप आले ते १९६० च्या उच्चशिक्षण महायोजनेने, म्हणजे विद्यापीठ, राज्य महाविद्यालये आणि ज्युनिअर कॉलेजे यांची कामे वाटून देणाऱ्या आराखड्याने. महायुद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी महाविद्यालयांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती आणि सर्वांना विद्यापीठात घेणे राज्याच्या तिजोरीला झेपणारे नव्हते. म्हणून विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने असे ठरले की, शालेय गुणांनुसार वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांनाच विद्यापीठाने आणि वरच्या एकतृतीयांश विद्यार्थ्यांना राज्य महाविद्यालयांनी पात्र मानावे. तोवर हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १५ आणि ५० टक्के होते. उरलेल्यांसाठी ज्युनिअर कॉलेजचे दार सताड उघडे राहिले. पहिला दरवाजा अरुंद केल्याची भरपाई म्हणूनच दुसरा दरवाजा अधिकृत झाला आणि ज्युनिअर कॉलेजातून येणाऱ्यांना जागा मिळाव्यात, यासाठी विद्यापीठाच्या पदवी वर्गांतील पहिल्या दोन वर्षांचा वाटा निम्म्यावरून सुमारे ४० टक्क्यांवर आणावा, असेही योजनेने सुचवले.

शाळेच्या गुणांवर अपात्र ठरलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात येण्यासाठी ज्युनिअर कॉलेजात २.४ ही गुणसरासरी पुरेशी धरली गेली. ‘ए’ श्रेणीला ४, ‘बी’ला ३ आणि ‘सी’ला २ गुण धरून ही सरासरी काढतात, म्हणजे सारख्या भाराच्या दहा विषयांपैकी सहांत ‘सी’ आणि चारांत ‘बी’ मिळवणारा विद्यार्थीही पात्र ठरत असे. या तरतुदीचे खरे मोल या आकड्यापेक्षा तिच्यामागील तत्त्वात आहे: नवी गुणपत्रिका जुनीची जागा घेते. (महाराष्ट्रात पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळतो, तेव्हाही दहावीचे नव्हे तर पदविकेचे गुण पाहिले जातात.)

व्यवहारात मात्र वाट निसरडी होती. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील ज्युनिअर कॉलेजाचा अभ्यास करून नेमक्या १९६० मध्येच दाखवून दिले की, विद्यापीठाची आस धरून आलेल्या अनेकांना चाचण्या, समुपदेशन आणि सावध इशारे यांच्या साहाय्याने हळूहळू व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळवले जाते आणि नकार कोणी दिला, हे विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही. दारावर कोणालाही न अडवणारी संस्था आतल्या आत चाळण लावत होती, हा क्लार्क यांचा निष्कर्ष महायोजनेच्या गौरवगाथांमध्ये सहसा आढळत नाही.

पुढे १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा घालणारा ‘प्रपोझिशन १३’ हा ठराव जनमताने संमत झाल्यावर ज्युनिअर कॉलेजांचा स्थानिक महसूल आटला आणि तोवर मोफत असलेल्या शिक्षणावर १९८४ पासून शुल्क लागू झाले. कोणता विषय विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जाईल, हे सांगणारे करार वाढत गेले, तसेच ठरावीक अभ्यासक्रम व सरासरी पूर्ण करणाऱ्याला निश्चित प्रवेशाची हमी देणारी पद्धतही आली. विद्यापीठाच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ परिसरांपैकी सहा ही हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. राज्यातील रहिवाशांसाठी २.४ ही किमान अट नियमात आजही कायम आहे, पण बर्कली आणि लॉस एंजेलिस येथे अशा महाविद्यालयांतून येऊन प्रवेश मिळवणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते.